चित्रात मान कोणाला?

बिंदू, रेषा, आकार, छायाभेद, रंग, पोत, अवकाश. चित्रकलेच्या पहिल्या धड्यात ही नावं फळ्यावर येतात. मुलं ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बिनचूक लिहितात, आणि कोरा कागद पुढ्यात आला की त्यातलं काहीच हाताशी राहत नाही. ही नावं पाठ करून उपयोग नसतो, ती डोळ्यांनी ओळखावी लागतात, आणि ती ओळख चार भिंतींच्या आत नीट होत नाही. आजऱ्यात राहणाऱ्याला तर बाहेर पडायला निमित्तही लागू नये. हिरण्यकेशीचा काठ, रामतीर्थाचा काळा कातळ, भाताची खाचरं, काजूच्या बागा, तांबडी माती हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे.

हा लेख एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. शाळा सुटल्यावर ब्रश कपाटात गेला, तो आता पुन्हा बाहेर काढावासा वाटतो, अशा मोठ्या माणसांसाठीही आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. वरचे सातही घटक जवळजवळ प्रत्येक चित्रात असतात, पण सगळ्यांना सारखा मान कुठल्याच चांगल्या चित्रात नसतो. चित्रकार एकाला पुढे बसवतो, दुसऱ्याला त्याच्या शेजारी जागा देतो, बाकीच्यांना मागे ठेवतो. कोणाला पुढे बसवायचं याच्या निर्णयातून शैली घडते. हे एकदा समजलं की वास्तववादी, वारली, चित्रकथी, अमूर्त या नावांचं दडपण राहत नाही. प्रत्येक चित्रापुढे उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: इथे मान कोणाला दिलाय?

हा प्रश्न विचारायला आजरा फार सोयीचा आहे. एका बाजूला गडहिंग्लजवरून रस्ता कोल्हापूरला जातो. तिथे शंभर वर्षांहून जुनी व्यक्तिचित्रणाची आणि निसर्गचित्रणाची परंपरा आहे, आणि तिचा सारा भर छायाप्रकाशावर आहे. दुसऱ्या बाजूला आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडीच्या गंजिफ्याचे रंगवलेले पत्ते आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. या दोन्हींत सावली जवळजवळ नाहीच. जग बघण्याच्या दोन टोकाच्या रीती, आणि आपण मधोमध बसलोय.

साहित्य

थोडकंच घ्या. 2बी आणि 6बी अशा दोन पेन्सिली, हाताळायला सोपी अशी कोऱ्या पानांची वही, गोल टोकाचे तीन ब्रश (4, 8 आणि 12 नंबर) आणि ट्यूबमधले जलरंग. चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमझन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन आणि प्रशियन ब्लू एवढ्या सहा रंगांत आजऱ्याचं बाराही महिन्यांचं रूप बसतं. पैसे वाचवायचेच असतील तर रंगांवर वाचवा, कागदावर वाचवू नका. सरावाला कार्ट्रिज पेपर चालेल, पण जलरंगाचं खरं काम 300 जीएसएमच्या कागदावरच कळतं. पातळ कागद ओला झाला की फुगतो, रंग खळग्यात साचतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच हात बिघडलाय.

खोडरबर पहिले काही आठवडे घरीच ठेवा.

रेषा: सावकाश आणि खांद्यातून

रेषेचा सराव काजूच्या झाडापासून सुरू करा. काजूची फांदी सरळ वर जात नाही. ती खाली झुकते, जमिनीशी समांतर पसरते, मध्येच कोपरा करून वळते. शेजारी साग असेल तर त्याच्याकडेही बघा. त्याचा सोट सरळ उभा. दोन्ही झाडं फक्त एकेका रेषेत काढा, पान एकही काढू नका. बघणाऱ्याला कुठलं झाड कुठलं हे ओळखता आलं तर रेषेचा पहिला धडा जमला.

काढताना नजर कागदावर कमी आणि झाडावर जास्त हवी. फांदीच्या कडेवरून डोळा ज्या वेगाने सरकतो, त्याच वेगाने पेन्सिल सरकू द्या. मनगट टेकवून तुटक-तुटक केसाळ रेघा मारण्याची सवय बहुतेकांना असते. ती घालवायची तर वही उभी धरा आणि हात खांद्यापासून हलवा. रेषा चुकली तर तिच्या शेजारी दुसरी काढा. दोन्ही राहू देत, कारण चुकलेली रेषा समोर असली की बरोबर रेषा कुठे जायला हवी हे दिसतं.

रेषेचा मान कुठवर जाऊ शकतो हे अजिंठ्यात दिसतं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. भुवईची, खांद्याची, कमळ धरलेल्या बोटांची रेषा इतकी जिवंत आहे की गालावरचा रंग जागोजागी उडाला तरी चेहरा हललेला नाही. आणि अगदी आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर महादेव विश्वनाथ धुरंधर. 1867 साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. रस्त्यावरची, बाजारातली, घरातली माणसं त्यांनी आयुष्यभर रेखाटली. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईची मान किती ताठ असते आणि कमरेला तिरकसपणा कुठे येतो, हे त्यांना दोन-तीन रेषांत पकडता येई. त्यांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. त्यात कला शिकण्याच्या शिस्तीचं जे दर्शन होतं, ते आजच्या शिकणाऱ्यालाही उपयोगाचं आहे.

रामतीर्थावर पांढरा रंग कुठून आणायचा?

पावसाळा ओसरला की रामतीर्थाला वही घेऊन जा. भर पावसात तिथला कातळ निसरडा असतो आणि पाण्याचा जोर सांगून येत नाही. धबधब्याच्या कडेला बसून चित्र काढण्याचा हट्ट त्या दिवसांत कोणीच करू नये. पाणी कमी झालं की काळ्या खडकाच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यामधून पाण्याच्या धारा उतरतात.

नवखा माणूस इथे पहिल्यांदा काय करतो? निळा रंग घेतो आणि पाणी रंगवायला लागतो. जरा थांबा. डोळे किलकिले करून बघा. पाणी निळं दिसतंय का? ते पांढरं दिसतंय, आणि ते पांढरं दिसतं याचं कारण शेजारचा खडक काळा आहे. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागदच. म्हणून पाण्याला हात लावायचा नाही, रंगवायचा तो भोवतीचा खडक. खडकाचे आकार बरोबर पडले की उरलेल्या पांढऱ्या जागेतून पाणी आपोआप वाहायला लागतं.

आकार आणि अवकाश हे दोन घटक इथे एकाच वेळी शिकून होतात. वस्तूने व्यापलेली जागा हा आकार, आणि वस्तूंच्या मधली, मागची, भोवतीची जागा हा अवकाश. बहुतेकजण वस्तूच बघतात, मधली जागा बघतच नाहीत. तिलाही स्वतःचा आकार असतो, आणि ती मोजली की प्रमाणाच्या निम्म्या चुका सुटतात. घरी सराव करायचा तर खुर्ची समोर ठेवा आणि खुर्ची काढूच नका. पायांच्या आणि पाठीच्या मधल्या फटींचे आकार तेवढे काढा. खुर्ची बिनचूक उमटते.

एवढं मोठं दृश्य कागदावर कुठून कुठपर्यंत घ्यायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जाड पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापा, रुंदी-उंची चारास तीन. ती डोळ्यासमोर धरून पुढेमागे करा. मुख्य गोष्ट खिडकीच्या बरोबर मध्यात आली तर चित्र बहुतेक वेळा अडकल्यासारखं होतं. ती थोडी बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूला तिला तोलणारं काहीतरी येतंय का बघा: एखादा मोठा दगड, झाडाचा बुंधा, नाहीतर नुसती मोकळी जागा. मोकळी जागाही वजन पेलते. समतोल, लय, प्रमाण, विरोध ही संकल्पनेची जी तत्त्वं पुस्तकात येतात, ती या पुठ्ठ्याच्या खिडकीतून बघता बघता समजतात. त्यांचा वेगळा अभ्यास करत बसायची गरज नाही.

छायाभेद: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते शिकणारा अडतो तो रंगापाशी नाही, छायाभेदापाशी अडतो. चित्र मिळमिळीत झालं की तो आणखी रंग ओततो. कमी पडलेला असतो तो गडद आणि उजळ यांच्यातला फरक.

आधी एक पट्टी बनवा. कागदावर पाच चौकोन आखा. पहिला कोरा ठेवा, पाचवा 6बी पेन्सिलीने शक्य तितका काळा करा. मग मधला तिसरा भरा, शेवटी दुसरा आणि चौथा. हे पाच टप्पे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसेपर्यंत पट्टी पुन्हा पुन्हा करा. सोपं वाटतं, पण बहुतेकांचा चौथा चौकोन तिसऱ्याला जाऊन चिकटतो, कारण काळं करायला हात धजत नाही.

मग काजूचं बोंड घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर आजऱ्यात त्याला तोटा नाही. बीसकट ते पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या एकाच बाजूने उजेड येईल असं मांडा. दुसरी खिडकी आणि वरचा दिवा बंद करा. आता शांतपणे बघा. उजेडाच्या बाजूला, बोंडाच्या खांद्यावर, एक छोटा चकाकता ठिपका आहे; तिथे कागद कोरा राहणार. त्याच्याभोवती उजळ भाग. मग पृष्ठभाग वळतो तिथे मध्यम छटा. त्यापुढे गडद पट्टा, आणि हा पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. कडेला पुन्हा किंचित उजळ दिसतं, कारण खालच्या पांढऱ्या कागदावरचा उजेड उलटून बोंडाला लागतो. ही परतीची उजळी पकडली की बोंड गोल होतं. ती सुटली तर ते पुठ्ठ्यातून कापून ठेवल्यासारखं दिसतं. शेवटी जमिनीवर पडलेली सावली. ती बोंडाला टेकते तिथे सगळ्यात गडद आणि दूर जाईल तशी विरळ. टोकाच्या बीची करडी सालही बघा. ती बोंडासारखी तुकतुकीत नाही, म्हणून तिच्यावर तसा चकाकता ठिपका सापडणार नाही. चकाकीच्या त्या एका फरकाने एक वस्तू रसाळ आणि दुसरी टणक वाटते.

लाल आणि पिवळं अशी दोन बोंडं शेजारी ठेवून नुसत्या पेन्सिलीने काढा. लाल बोंड पिवळ्यापेक्षा गडद आहे हे करड्या छटांत दाखवता आलं, म्हणजे रंग बाजूला ठेवून त्याचा गडदपणा वाचायला तुम्ही शिकलात. फोनने फोटो काढून त्यातला रंग काढून टाकला की स्वतःचं काम तपासताही येतं. फोनचा असा वापर करायला माझी काहीच हरकत नाही.

छायाभेदाला सर्वोच्च मान दिलेलं चित्र बघायचं तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. हळदणकरांचा जन्म 1882 सालचा, सावंतवाडीचा, म्हणजे आपल्या घाटाखालचाच. हे चित्र त्यांनी 1945-46 च्या सुमारास केलं आणि आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, दुसरा तळवा ज्योतीच्या आड. बोटांच्या मधून उजेड झिरपतो आणि बोटं आतून पेटल्यासारखी तांबूस दिसतात. त्यांची मुलगी गीता या चित्रासाठी उभी राहिली होती. अनेकजण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. ते जलरंगातलं आहे. उजेड रंगवायला उजळ रंग लागत नाही, भोवतीचा अंधार योग्य मापाचा लागतो, हे त्यातून शिकायचं. रामतीर्थाच्या पाण्याला जो नियम, तोच इथे ज्योतीला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याच वाटेने पुढे गेले. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस सिनेमात आला आणि 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. रंगवलेल्या सपाट पडद्यापुढे नट उभा करण्याऐवजी त्यांनी खरे, घन, आत शिरता येईल असे देखावे उभारले. सपाट आकारावर छायाप्रकाश चढला की त्याला घनता येते, हा काजूच्या बोंडाचा धडा त्यांनी अख्ख्या चित्रपटाला लावला. ‘प्रभात’सह पुढच्या मराठी सिनेमाचा डोळा त्यांच्याच तालमीत तयार झाला, कारण ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले.

हिरव्याची अडचण

जुलै-ऑगस्टमध्ये आजऱ्यात जिकडे बघाल तिकडे हिरवं. या हिरव्याने भल्याभल्यांना फसवलंय. ट्यूबमधला हिरवा रंग जसाच्या तसा लावला की चित्र कच्चं दिसतं. म्हणूनच वरच्या सहा रंगांत मी हिरवा घेतलेला नाही. तो बनवायचा.

लेमन यलोत कणभर प्रशियन ब्लू घातला की नुकत्या लावलेल्या भाताच्या रोपाचा कोवळा हिरवा मिळतो. यलो ऑकर आणि अल्ट्रामरिन एकत्र केले की काजूच्या जून पानाचा मळकट हिरवा. त्यात बर्न्ट सिएनाची भर घातली की दाट झाडीतला काळसर हिरवा. हिरवा फार भडकला तर त्यात किंचित लाल घाला, मिठाइतकाच, चव बदलेल पण दिसणार नाही इतका. लाल आणि हिरवा हे पूरक रंग. मिसळले तर एकमेकांना शांत करतात, शेजारी ठेवले तर एकमेकांना पेटवतात. आजऱ्याची तांबडी वाट हिरव्या खाचरातून जाताना एवढी उठून का दिसते, याचं उत्तर रंगचक्रात आहे.

आंबोलीच्या दिशेने बघाल तर डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसतात. जवळची रांग हिरवी आणि गडद, मागची निळसर, त्यामागची जवळजवळ आभाळात विरघळलेली. मधल्या हवेमुळे दूरच्या गोष्टींचा गडदपणा कमी होतो आणि त्यांच्यावर निळसर छटा चढते. म्हणून सुरुवात सगळ्यात मागच्या रांगेपासून करा, भरपूर पाणी आणि थोडा निळा घेऊन. पुढे येत जाल तसं पाणी कमी आणि रंग जास्त. रांगांची कड मागे मऊ आणि पुढे धारदार ठेवली की अंतर आणखी वाढतं.

आबालाल रहिमान यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले, राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने काम केलेले आबालाल कोटितीर्थ तलावाच्या काठी राहायचे आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवायचे. 1931 साली ते गेले. त्यांच्या निसर्गचित्रांत रंग सपाट पसरलेला नसतो. छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी तो शेजारी शेजारी ठेवलेला असतो, आणि लांबून बघताना ते फटकारे डोळ्यात मिसळतात. एकाच तलावाकडे वेगवेगळ्या वेळी बघितलं तर विषय बदलत नाही, रंग बदलतो, हे त्यांच्याकडून घ्यावं. तुम्हीही हिरण्यकेशीवरची एकच जागा निवडा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी, अशी तिची वहीच्या पानाएवढी छोटी रंगटिपणं करा. दरवेळी नवी जागा शोधत फिरणाऱ्यापेक्षा असा माणूस लवकर शिकतो.

पोताबद्दल थोडक्यात. जांभ्याचा चिरा आणि नदीतला गुळगुळीत गोटा शेजारी ठेवा. जांभ्यासाठी ब्रशमधला ओलावा फडक्याने टिपून घ्या आणि कोरडा ब्रश कागदावर घासत न्या. खरखरीत कागदाच्या उंचवट्यांवरच रंग बसतो आणि दगडाची भोकं आपोआप उमटतात. गोट्यासाठी उलट करा, भरपूर पाणी आणि मऊ कडा.

एकच विषय, चार शैली

आता शैलीकडे. विषय घ्या रोपलावणीचा: गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकची खोळ, मागे डोंगर. चार कागद घ्या.

पहिल्यावर कोल्हापुरी निसर्गचित्रासारखं करा. मान छायाभेदाला आणि अवकाशाला. मागचे डोंगर फिकट, पुढच्या बायका गडद, खाचरातल्या पाण्यात आभाळाचं कोरं प्रतिबिंब. चेहरे दिसलेच पाहिजेत असं नाही.

दुसऱ्यावर चित्रकथीची रीत घ्या. पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातल्या कथा गात गात एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. तिथल्या माणसांच्या चेहऱ्यांची बाजू दिसते, डोळे मोठे, नाक टोकदार, बाह्यरेषा ठसठशीत आणि आतला रंग सपाट. दूर बसलेल्याला पात्र क्षणात ओळखता यायला हवं, म्हणून मान रेषेला आणि सपाट रंगाला. सावली घातली तर ओळख पुसट होईल. ही परंपरा टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, आणि पिंगुळीत त्यांच्या कुटुंबाने उभारलेलं संग्रहालय आहे. तिथे जाऊन या. तुमच्या कागदावर मात्र डोंगर-आभाळ काढून टाका, बायका मोठ्या करा, वाकलेल्या पाठीची कमान एका दमात ओढा.

तिसऱ्या कागदावर आधी एक वर्तुळ काढा, कारण सावंतवाडीचा गंजिफा गोल असतो. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण एकशेवीस. खेळताना हातात धरलेलं पान लगेच वाचता आलं पाहिजे, म्हणून आकार नेटका, पार्श्वभूमी एकरंगी, आणि वर्तुळाच्या कडेशी आकृतीचं नातं घट्ट. चौकोनात मांडलेली वाकलेली बाई वर्तुळात बसवायला गेलात की तिची पाठ कडेला समांतर फिरवावी लागते. मांडणी म्हणजे काय हे या एका अडचणीतून जितकं कळतं, तितकं व्याख्येतून कळत नाही.

चौथा कागद अमूर्ताचा. आता बाई नाही, डोंगर नाही. रोपांच्या ओळींची लय ठेवा, चिखलाचा पोत ठेवा, पाण्याची चकाकी ठेवा, बाकी सगळं सोडा. ज्यांना वाटतं की अमूर्त म्हणजे काहीही फासलं तरी चालतं, त्यांनी हा कागद जरूर करून बघावा; आधार घ्यायला वस्तूच नसल्यामुळे प्रत्येक डागाला जाब द्यावा लागतो. वासुदेव गायतोंडे (1924-2001) रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काढत, पुन्हा चढवत. त्यांच्या कॅनव्हासवर मान अवकाशाला आहे, आणि त्याच्या जोडीला पोत. हा विचार मराठीतून समजून घ्यायचा असेल तर प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचा. चित्र करणाऱ्याने चित्राच्या घटकांवर इतक्या नितळपणे लिहिलेलं पुस्तक मराठीत क्वचित सापडतं.

या चार शैलींत मी वारली मुद्दाम घेतली नाही, कारण तिचा वापर आधीच फार सैल झालाय. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस एवढं सगळ्यांना येतं, आणि ते कुठल्याही पणतीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर उमटतं. पण लग्नाचा चौक लिहिणं हा वारल्यांच्या घरातला विधी आहे. डहाणू भागातल्या जिव्या सोमा मशे (1934-2018) यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली तेव्हा त्यांत माणसांची, प्राण्यांची, जाळ्यांची एवढी हालचाल भरली की त्रिकोण दिसेनासे होतात आणि गती तेवढी उरते. तारपा नाचाचं चित्र नीट बघा: नाचणाऱ्यांची वेटोळी रांग वरून बघितलेली, आणि प्रत्येक माणूस मात्र समोरून. दोन नजरा एका चित्रात. हे लक्षात घेऊन वारली कराल तर जरूर करा.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा कागद बघितला की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि एक झोपडी हे दृश्य हमखास भेटतं. आजऱ्याच्या मुलाने ते का काढावं? विषय ‘बाजार’ आला तर आपला आठवडी बाजार काढा: ताडपत्रीखाली पडलेली निळसर सावली, घनसाळ तांदळाच्या पोत्यांचे फुगलेले आकार, वजनकाटा, पिशवी सावरत भाव विचारणारी आजी. त्यासाठी बाजारात वही घेऊन आधी चार-दोन वेळा जाऊन यायला हवं. आईवडिलांना एवढीच विनंती की त्या वेळी मुलाला कोपऱ्यात उभं राहू द्या, घाई करू नका. वस्तुचित्राला रंगाआधी छायाभेद लावा. संकल्पचित्रात दोन-तीन रंगांचीच संगती धरून ठेवा, आणि कुठला घटक पुढे आहे ते स्वतःला विचारत राहा. पुढे कलाशिक्षणाकडे जायचं असेल तर कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स या जुन्या संस्था आहेत.

आपल्या पावसाबद्दल एक सूचना. आजऱ्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत कागदावर बुरशीचे पिवळे डाग पडतात, आणि डाग पडलेला कागद रंग वेडावाकडा पितो. कागद भिंतीला टेकवून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवा ठेवा. वडीचे रंग वापरत असाल तर पेटी झाकण्याआधी पूर्ण कोरडी होऊ द्या. पावसात रंग वाळत नाही म्हणून तक्रार करण्यापेक्षा ओल्यावर ओला रंग सोडण्याचा सराव याच दिवसांत करा. ढग, धुकं, दूरची झाडी यांच्यासाठी इतकी चांगली हवा वर्षभरात पुन्हा मिळत नाही.

कोल्हापूरला काही कामासाठी जाणं होतंच. तेव्हा राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालन बघा. सिनेमाचा हा नट तितकाच तळमळीचा निसर्गचित्रकार होता. टाउन हॉलचं संग्रहालयही बघा. मूळ चित्रापुढे उभं राहिलात की आधी लांबून, डोळे किलकिले करून त्यातले गडद आणि उजळ भाग ओळखा. मग जवळ जा आणि कडा कुठे मऊ आहेत, कुठे धारदार आहेत ते शोधा. खिशातल्या छोट्या वहीत आगपेटीएवढा चौकोन आखून ते चित्र फक्त तीन छटांत उतरवा: काळं, करडं, कोरं. एका भेटीत अशी तीन-चार चित्रं पुरेत. फोटो काढायला परवानगी असेल तर तो हे सगळं झाल्यावर काढा.